तालीम, मॅट आणि मार्कशीट

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, तीन वर्षं ज्यूदो करते, पुढच्या वर्षी दहावी. घरातली मोठी माणसं म्हणतात, कुस्ती-कराटे हे कमी शिकलेल्यांचं काम, शिकलेल्या घरातली मुलं यात टिकत नाहीत. तर मार्शल आर्ट्स करणाऱ्यांचं शिक्षण साधारण कुठवर झालेलं असतं, आणि मुलीने खेळ चालू ठेवावा का?

ताई, मी लहानपणीची सहा वर्षं कोल्हापुरात तालमीत काढली आणि गेली सव्वीस वर्षं पुण्यात ज्यूदो शिकवतोय. निरक्षर माणसाने मला चितपट केलंय आणि सर्जन असलेल्या बाईंना मी पडायला शिकवलंय. म्हणून पहिल्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येणार नाही. कोण किती शिकलेलं असेल हे त्या कलेवरून ठरत नाही. ती शिकायला दाराशी काय मोजावं लागतं त्यावरून ठरतं. फी लागते की खुराक लागतो? संध्याकाळचा एक तास द्यायचा की पहाटे चारपासूनचा अख्खा दिवस? आणि शेवटी हाताला काय लागणार, छंद की नोकरी?

तालमीपासून सांगतो, कारण तुमच्या घरच्यांच्या मनात जे चित्र आहे ते तिथलंच असावं.

आम्हाला पहाटे चारला उठवायचे. जोर, बैठका, मग हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, उतरून लढत. तास-दोन तासांनी अंगाची माती निघेपर्यंत बाहेर उजाडलेलं असायचं. मग दूध, बदामाची थंडाई, थोडी विश्रांती. एका खोलीत आठ-दहा पोरं, आणि रांधायचं आपलं आपणच. दुपारी जेवून झोपायचं, कारण चारला परत मेहनत. रात्री नऊला दिवे बंद. या दिवसात शाळा कुठे बसवणार? अकरा ते पाच शाळेत बसलं की दुपारची झोप गेली आणि संध्याकाळची मेहनतही गेली. त्यामुळे बहुतेकांचं नाव शाळेत आणि अंग तालमीत असायचं.

पोरं बहुतेक शेतकऱ्यांची. घरात तीन मुलं असली की एकाने शेत बघायचं, एकाने शिकायचं आणि अंगाने चांगला असेल त्याने पैलवान व्हायचं, हे बापाने आणि चुलत्यांनी आधीच ठरवलेलं. म्हणजे तालमीत येणारा पोरगा अभ्यासात कच्चा होता म्हणून आला असं नव्हतं. घराने त्याच्या वाट्याला ते काम दिलं होतं. त्याच्या खुराकासाठी घरातली म्हैस राखून ठेवलेली असायची, आणि हे ओझं त्या पोरालाही ठाऊक असायचं. जत्रेच्या फडात जिंकलेलं इनाम तो जसंच्या तसं घरी पाठवायचा.

माझा जोडीदार माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. ढाक हा डाव मारायचा तेव्हा समोरच्याला आपण हवेत कधी गेलो हेच कळायचं नाही. तेविसाव्या वर्षी त्याचा गुडघा गेला. दवाखान्यात भरायचा फॉर्म त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तू भर, मला सावकाश वाचता येतं. सातवीनंतर तो वर्गात बसलाच नव्हता आणि त्याला बसव असं कुणी म्हटलंही नव्हतं. त्या दिवशी मला त्याच्या गुडघ्यापेक्षा त्या फॉर्मचं जास्त वाईट वाटलं. पुढे त्याने बाहेरून दहावी केली, मग बारावी, आणि आज तो त्याच्या गावच्या तालमीत वस्ताद आहे. संध्याकाळच्या मेहनतीआधी तो पोरांना तासभर वह्या घेऊन बसवतो. शाळेत गेला नाही त्याला हौदात उतरू देत नाही.

याच्या उलट्या टोकालाही एक गोष्ट आहे. पैलवानांत पदवीधर भरपूर सापडतील. कॉलेजला कुस्तीचा संघ हवा असतो, पोराला आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची असते, म्हणून बी.ए.ला प्रवेश होतो आणि तीन-चार वर्षांत पदवी हातात येते. कुणी मुक्त विद्यापीठातून करतं. काहींनी खरंच अभ्यास केलेला असतो. काहींनी वर्गाचं तोंडही पाहिलेलं नसतं. कागदावर दोघेही पदवीधर. म्हणून पैलवानांच्या शिक्षणाची कुणी यादी केली तरी तिच्यावरून पटकन निष्कर्ष काढू नका.

कुस्ती आणि शाळा यांचं वैर मात्र कोल्हापूरच्या मातीतलं नाही. ज्या शाहू महाराजांनी पैलवान पोसले, ज्यांच्या काळात 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, त्यांनीच 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. एकाच राजाने दोन्ही कामं केली. पुढे तालीम आणि शाळा यांच्या वेळा एकमेकींना आडव्या येत राहिल्या, आणि त्या जुळवायचं कुणी मनावर घेतलं नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण मी प्रत्येक पालकाला देतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे, 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते. ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये गेले. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्याच कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ते पदक तालमीने दिलं तितकंच कॉलेजनेही दिलं. 1955 साली खाशाबा पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले.

आता पुण्यातली गोष्ट. माझे दोन वर्ग आहेत आणि दोन्हीकडे मी नाव नोंदवताना एक वही ठेवतो: नाव, वय, शाळा किंवा शिक्षण, पालकांचा व्यवसाय. संध्याकाळचा वर्ग सोसायट्यांच्या भागात, फी घेऊन. तिथे रात्री आठच्या मोठ्यांच्या बॅचमध्ये सॉफ्टवेअरवाले, एक दंतवैद्य, एक सीए, दोन प्राध्यापक. पदवी नसलेला माणूस शोधावा लागतो. सकाळचा वर्ग महापालिकेच्या शाळेच्या मैदानावर, मोफत. तिथे बांधकाम मजुरांची, भाजी विकणाऱ्यांची, घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं. काहींच्या आईवडिलांनी अंगठा उठवलेला. ज्यूदो तोच, शिकवणारा तोच, पण दोन वह्यांवरून दोन वेगळी उत्तरं निघतात. जिथे फी जास्त, जागा एसी आणि वेळ ऑफिस सुटल्यानंतरची, तिथे शिकलेलीच माणसं दिसणार. ब्राझिलियन जिउजित्सू या जमिनीवरच्या झटापटीच्या कलेच्या महागड्या जिममध्ये डॉक्टर-इंजिनियर भेटतात ते त्यामुळेच. त्या कलेला डोकं जास्त लागतं म्हणून नव्हे.

एका फसगतीबद्दल सांगायला हवं, कारण क्लासच्या जाहिरातीत ती सर्रास वापरली जाते. ‘आमच्याकडचे ब्लॅक बेल्ट बघा, सगळे उच्चशिक्षित.’ ब्लॅक बेल्टला पोचायला चार-पाच वर्षं सहज जातात, कुठे जास्तही. सहावीत आलेला मुलगा तिथवर पोचतो तेव्हा तो कॉलेजात असतो. पांढऱ्या पट्ट्यातली मुलं चौथीत आणि काळ्या पट्ट्यातली बी.ई.ला, यात पट्ट्याने काहीच केलेलं नाही. वय वाढलं इतकंच. शिवाय इतकी वर्षं दर ग्रेडिंगची (पट्ट्याच्या परीक्षेची) फी, स्पर्धेचा प्रवास, नवा गी (ज्यूदोचा पोशाख) असा खर्च ज्या घराला झेपतो त्याच घराला मुलाचं इंजिनियरिंगही झेपतं. सकाळच्या वर्गातला माझा सगळ्यात चपळ मुलगा हिरव्या पट्ट्यावर असताना बापाबरोबर दुसऱ्या शहरात गेला, कारण तिकडे नवं बांधकाम सुरू झालं होतं. तो कुठल्याच यादीत येणार नाही. राहिलेल्यांकडे बघून सगळे काढतात ते निष्कर्ष गेलेल्यांना सोडून काढलेले असतात.

आणि गेलेल्यांत सगळ्यात मोठा गट दहावीचा. सव्वीस वर्षांत हे बदललेलं मी पाहिलं नाही. जून महिना आला की आई किंवा वडील दाराशी येतात: ‘सर, यंदा दहावी आहे, वर्षभर बंद ठेवतो, मग परत येईल.’ मुलं फार थोडी परततात, मुली त्याहून थोड्या. कारण एका वर्षात अंग जड होतं, बरोबरची मुलं पुढे गेलेली असतात, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी परत धाकट्यांच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते. मग अकरावीचा नवा क्लास, मग बारावी. शिकलेल्या घरातली मुलं यात टिकत नाहीत, हे तुमच्या घरच्यांचं निरीक्षण खरं आहे. पण ती टिकत नाहीत कारण शिकलेली घरंच त्यांना काढून नेतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जी मुलं आठवड्यातून दोन दिवस का होईना येत राहिली ती दहावीत मागे पडलेली मी पाहिलेली नाहीत. ज्यांचं गणित आधीपासून कच्चं होतं त्यांचं तसंच राहिलं. ज्यूदो बंद करून ते सुधारलं असंही झालं नाही.

खेळामुळे हुशारी वाढते असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत एका शाळेत तायक्वांदो आणि नेहमीचा पीटीचा तास यांची तुलना झाली होती, तिचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. तायक्वांदो करणाऱ्या मुलांचा स्वतःवरचा ताबा, वर्गातलं वागणं आणि तोंडी गणित जास्त सुधारलेलं आढळलं. ती एका शाळेतली, काही महिन्यांची गोष्ट. तिच्यावरून कुणी ‘कराटेने नव्वद टक्के’ अशी जाहिरात करत असेल तर विश्वास ठेवू नका. मला स्वतःला दिसतं ते एवढंच, की रोज दहा वेळा पडून उठणारं मूल एका कमी मार्कांच्या पेपराने कोलमडत नाही.

‘कमी शिकलेल्यांचं काम’ या शब्दांबद्दल बोलायचं तर तुमची मुलगी जे शिकते त्याचा जन्मच शिक्षकाच्या हातून झाला. जिगोरो कानो 1881 साली टोकियो विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडले आणि 1882 साली एका देवळातल्या बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोडोकान ही ज्यूदोची पहिली शाळा सुरू केली. पोट भरायला ते शिक्षकच होते, पुढे वीस वर्षांहून जास्त काळ टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य. जुजित्सू या जुन्या जपानी कलेतले जीवघेणे डाव बाजूला काढून, जोर लावून सराव करता येईल असे डाव त्यांनी निवडले, कारण त्यांना ते शाळेत शिकवायचं होतं. कराटेचंही तसंच. ओकिनावात अंको इतोसूंनी 1901 च्या सुमारास ते शाळेत नेलं. ते जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गिचिन फुनाकोशी स्वतः शाळामास्तर. टोकियोत आल्यावर त्यांचे पहिले वर्ग वाढले ते विद्यापीठांतून, 1924 साली केइओ विद्यापीठात मंडळ निघालं. जपानमध्ये या कलांची वाट वर्गातून गेली आणि आमच्याकडे शेतातून. दोन्ही वाटांना मी मान देतो.

नावंच हवी असतील तर ढीगभर देता येतील. एमएमए, म्हणजे पिंजऱ्यात होणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सचा विश्वविजेता रिच फ्रँकलिन हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. ब्रिटनची रोझी सेक्स्टन केंब्रिजला गणित शिकली, संगणकशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पिंजऱ्यात उतरली. आपल्या मेरी कोमने शाळा मध्येच सोडली, मग मुक्त शाळेतून परीक्षा दिली आणि चुराचांदपूरच्या कॉलेजातून पदवी घेतली. पण अशा नावांनी काही सिद्ध होत नाही, घरच्या मोठ्यांना सांगायला उपयोगी पडतील एवढंच.

नोकरीबद्दल मात्र नीट ऐका, कारण यात लोकांची फसवणूक होते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण (इतर आरक्षणांच्या आतच लागू होणारं) आहे. राहुल आवारे, विजय चौधरी हे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले ते तुम्ही वाचलं असेल. पण सर्वसाधारण भरतीत या आरक्षणातून वयाची सवलत मिळते, शिक्षणाची अट पूर्ण करावीच लागते. पोलीस शिपाई व्हायचं तरी बारावी पास पाहिजे. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर पदवी आणि वर बी.पी.एड. माझ्या तालमीतल्या दोन राज्य पातळीच्या मल्लांची संधी केवळ बारावी नसल्यामुळे गेली. दुसरी बाजू प्रमाणपत्रांची. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण असोत की नोकरीतलं आरक्षण, शासनाच्या यादीतल्या खेळाची आणि मान्य संघटनेची स्पर्धाच धरली जाते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. एखाद्या हॉलमध्ये खासगी संघटनेने भरवलेल्या ‘ओपन नॅशनल’चं सुवर्णपदक तिथे चालत नाही. कराटेत हे विशेष सांभाळा. पालक हजारो रुपये भरून असली पदकं गोळा करतात आणि अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी रडत येतात. ज्यूदो ऑलिंपिकमध्ये आहे, शालेय स्पर्धांत आहे. तुमच्या मुलीने जिल्हा, विभाग, राज्य या शालेय रांगेतूनच खेळावं.

लहान वयात खेळ आणि शाळा एकत्र सांभाळणाऱ्या जागा आपल्याकडे आहेत: राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी, लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या, अमरावतीचं 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, जिथे आखाड्याच्या शेजारीच शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभं राहिलं. तिथे सरावाची वेळ शाळा बघून ठरते, म्हणून तिथली मुलं शिकलेली निघतात. माझ्या जोडीदाराला अशी जागा मिळाली असती तर, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही.

शेवटी जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. शिकणाऱ्यांच्या शिक्षणाची चौकशी जरूर करा, पण त्याआधी शिकवणाऱ्याची करा. जपानमध्ये 1983 पासूनच्या तीस वर्षांत शाळांतल्या ज्यूदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. बहुतेक डोक्याला मार लागून, पुष्कळदा मागे पाडण्याच्या डावात, आणि बरीचशी नवखी मुलं. ज्यूदोच्या माहेरघरी, शाळेच्या आवारात हे घडलं. पडायला पुरेसं शिकवण्याआधी पाडायला सुरुवात झाली, आणि डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला परत उभं केलं गेलं. पालकांनी आवाज उठवला, प्रशिक्षकांना डोक्याच्या इजेबद्दल नीट शिकवायला सुरुवात झाली आणि मृत्यू खूपच घटले. कानोंची परंपरा तीच होती, पण त्या शिक्षकांना शरीराचं एवढं साधं ज्ञान नव्हतं.

तर मुलीच्या सरांना किंवा मॅडमना भेटा आणि विचारा. डोकं आपटलं तर तुम्ही काय करता? उत्तर असं यायला हवं: त्या दिवशीचा सराव लगेच बंद, डॉक्टर, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मॅटवर पाऊल नाही. अशा मुलीला काही दिवस वाचनसुद्धा जड जातं, मोबाइल आणि अभ्यास दोन्ही हळूहळू सुरू करायचे असतात, हे त्यांना माहीत असावं. दुसरं, वजनाबद्दल विचारा. खालच्या वजनगटात बसवायला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला उपाशी ठेवून, पाणी तोडून वजन उतरवणारा प्रशिक्षक असेल तर क्लास बदला, तो कितीही पदकं देत असो. तिसरं, परीक्षेच्या दिवसांत मुलं आली नाहीत तर तुम्ही रागावता का?

दहावीच्या वर्षाचं मी माझ्या मुलांना देतो ते वेळापत्रक सांगतो. जून ते दिवाळी आठवड्यातून तीन दिवस, कारण शालेय स्पर्धा त्याच काळात असतात. राज्यासाठी निवड झाली तर त्या दोन आठवड्यांपुरता रोज सराव, आणि बुडालेला अभ्यास कुठल्या दिवशी भरून काढायचा ते आधी लिहून. दिवाळीनंतर दोन दिवस, एकेक तास. पूर्वपरीक्षेपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत जोराची लढत पूर्ण बंद, कारण मनगट मोडलं तर पेपर कोण लिहिणार? त्या दिवसांत नुसतं उचिकोमी (न पाडता डावात शिरण्याचा सराव), उकेमी (पडण्याचा सराव), थोडं पळणं. घामाघूम होऊन घरी जायचं आणि जेवून झोपायचं. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गी धुऊन घेऊन यायचं.

हे वेळापत्रक घेऊन सरांशी किंवा मॅडमशी बोलायला जाताना मुलीला बरोबर न्या, आणि कुठले तीन दिवस ते तिलाच ठरवू द्या.